मस्टरवरचे खाडे

जालन्याच्या एमआयडीसीत सळया काढणाऱ्या एका मिलमध्ये श्रीपती राजूरकर एकोणतीस वर्षं टाइमकीपर होते. कामगार गेटातून आत आला की त्याच्या नावापुढं रेघ ओढायची, आला नाही की खाडा मांडायचा आणि शनिवारी बेरीज करून कागद गुत्तेदाराच्या हातात द्यायचा, हे त्यांचं काम. अठ्ठावन्न पूर्ण झाली त्या दिवशी मिलनं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. पुढच्या महिन्यापासून दोन हजार सहाशे चाळीस रुपये पेन्शन सुरू झाली.

पगार याच्या कितीतरी पट होता. पण त्यातला मूळ पगार साडेसहा हजारच दाखवलेला, वरचे सगळे भत्ते. पेन्शन निघते ती मूळ पगारावर. हे श्रीपतरावांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण ती पगारपत्रकं वर्षानुवर्षं त्यांनीच लिहिली होती. स्वतःचंही त्यात होतं.

रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी त्यांची बायको उमा किडनीच्या दुखण्यानं गेली. एकुलती मुलगी गंधाली पुण्यात नोकरीला. जुन्या जालन्यातल्या दोन खोल्यांत श्रीपतराव एकटे राहिले. सकाळी साडेपाचला आंघोळ, सहाला इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मग खुर्चीवर बसायचे आणि कुठं जायचं नाही हे आठवायचं. दूधवाला पिशवी दाराला अडकवून निघून जाई. कधी कधी दुपारी चार वाजता त्यांच्या ध्यानात यायचं की आपण सकाळपासून एक शब्द बोललेलो नाही. मग ते मुद्दाम कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन काडेपेटी मागायचे. घरात काडेपेट्या साठत गेल्या.

दीड महिन्यानं सर्जेराव आला. सर्जेराव हा मिलचा गुत्तेदार, मूळचा परतूरकडचा. माणसं पुरवायचं काम त्याचं आणि त्यांची हजेरी मांडायचं श्रीपतरावांचं. त्यामुळं इतक्या वर्षांत सकाळचा अकराचा चहा दोघांनी एकत्रच घेतलेला. उमाबाई दवाखान्यात होत्या तेव्हा तीन रात्री बाकड्यावर बसून काढणारा सर्जेरावच होता, आणि शेवटी खांदा द्यायलाही तोच पुढं होता.

त्यानं खोलीभर नजर फिरवली. म्हणाला, "श्रीपतराव, घरी बसून काय करून राह्यलात? शेठशी बोललो मी. सकाळचे चार घंटे या. नव्या पोरांना मशीनच्या हजेरीवरून हप्ता काढायचं कळत न्हाई. पाच हजार देतील."

पाच हजारांचं मोल होतंच, पण श्रीपतरावांना दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट घालताना जे वाटलं ते पैशाचं नव्हतं. गेटवर वॉचमननं "या साहेब" म्हटलं. टेबल कोपऱ्यात सरकवलेलं होतं, पण खुर्ची जुनीच होती. अकराला चहा आला. भट्टीतून लालभडक लोखंड बाहेर आलं की पत्र्याची शेड हादरायची, तो हादरा टेबलावर ठेवलेल्या हातातून कोपरापर्यंत जायचा. घरच्या शांततेनं दुखणारे कान तिथं बरे झाले.

अशी दीड-दोन वर्षं गेली.

एका गुरुवारी श्रीपतराव घरी परतले तर पायरीवर झुंबरबाई बसलेल्या. मिलमध्ये चौदा वर्षं त्यांनी झाडलोट केली होती. तापल्या लोखंडावरून जी पपडी गळते ती झाडून टोपल्यात भरायची, तुकडे वेगळे काढायचे, हे काम. नवरा लवकर गेलेला. राहायला नागेवाडीकडं, मुलाजवळ. वयाची अठ्ठावन्न झाल्यावर सर्जेरावनं त्यांनाही घरी पाठवलं होतं. पदराखालून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला.

"साहेब, हे वाचून द्या. नेटवाल्यानं सांगितलं ते मला पटून न्हाई राह्यलं."

श्रीपतरावांनी चष्मा लावला. पीएफचा उतारा होता. एकूण सेवा आठ वर्षं दहा महिने. दहा वर्षं भरल्याशिवाय महिन्याची पेन्शन नाही. साडेनऊ भरली तरी दहा धरतात, म्हणजे आठच महिने कमी होते.

"तो म्हणला पेन्शन बसत न्हाई, एकदाच काय ते पैसे घेऊन टाका. पण साहेब, मी चौदा वर्षं होते ना? तुम्हीच तर हजेरी लावायचे."

"होतात," श्रीपतराव म्हणाले.

"मंग बाकीची कुठं गेली?"

कुठं गेली हे श्रीपतरावांना ठाऊक होतं. हजेरीचं मशीन बसायच्या आधी मिलमध्ये दोन मस्टर होते. एक रफ, ज्यात रोजची खरी हजेरी असे आणि ज्यावरून शनिवारी हप्ता वाटला जाई. दुसरा पक्का, साहेब लोक तपासायला आले तर दाखवायचा. पक्क्या मस्टरवर गुत्तेदाराची माणसं कधीच सलग नसत. तीन महिने लावायचे, पाच महिने नाव गाळायचं. नाव नाही म्हणजे पीएफ भरायला नको. कुणाला गाळायचं ते सर्जेराव सांगे, आणि श्रीपतराव आपल्या वळणदार अक्षरात तसं लिहीत. झुंबरबाई त्या महिन्यांतही रोज सकाळी सातला गेटातून आत येत आणि "राम राम साहेब" म्हणत पुढं जात. समोरून माणूस चाललेलं दिसे आणि कागदावर ते नसे.

"एकदाच घेतले तर काय हरकत आहे?" त्यांनी विचारलं. आपण हे का विचारतो आहोत ते त्यांचं त्यांना कळलं आणि लाज वाटली.

झुंबरबाई म्हणाल्या, "एकदाच आले की बबलू नेईल, टेम्पोच्या हप्त्याला. न्यायला काय न्हाई, लेकरू आहे. पण मंग झालं, संपलं. महिन्याच्या महिन्याला आले ना साहेब, हजार का होईना, तर घरात माझी आठवण राहील. कोणी विचारील तरी, माय जेवली का म्हणून."

श्रीपतरावांनी कागदाची घडी केली. "पाहतो," म्हणाले.

पाहण्यासारखं घरातच होतं. वर्ष संपलं की रफ मस्टर रद्दीत जाई. गंधाली शाळेत असताना श्रीपतराव ते घरी आणायचे, कारण प्रत्येक पानाची मागची बाजू कोरी असे आणि गंधालीला गणितासाठी कागद पुरत नसे. उमानं ती सगळी बाडं सुतळीनं बांधून लोखंडी पेटीत ठेवली होती. श्रीपतराव संध्याकाळी पेटी उघडून जमिनीवर बसले. एका बाजूला त्यांच्या हातच्या रेघा, झुंबरबाईंच्या नावापुढं महिन्याला चोवीस, पंचवीस, सव्वीस. पान उलटलं की गंधालीचे लसावि, मसावि, चुकलेले भागाकार, मध्येच एक काढलेली मांजर. एका पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "आई मी मैदानावर गेले आहे." ते पान हातात धरून ते बराच वेळ बसले.

पुढचा महिनाभर त्यांनी काही केलं नाही. रोज मिलमध्ये जात, अकराला सर्जेरावसोबत चहा घेत. एकदा कपबशी खाली ठेवत त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर्जेराव, ती झुंबरबाई आपली. तिचे काही महिने भरून नाही का टाकता येणार?"

सर्जेराव हसला नाही की रागावलाही नाही. "श्रीपतराव, शेठ मला टनामागं देतो. त्यात मजुरी बी आली अन् पीएफ बी आला म्हणतो. मी बराबर भरत बसलो असतो तर दुसरा गुत्तेदार कमी भावात उभाच होता. हे तुम्हाला काय नवीन आहे का? अन् एका बाईचं केलं की दीडशे माणसं दारात येतील. मी घर विकू का?"

"नाही, तसं नाही."

"मंग चहा घ्या. थंडा होऊन राह्यला."

श्रीपतरावांनी चहा घेतला. सर्जेराव बोलला त्यात त्यांना खोटं काही सापडलं नाही. त्या बाकड्यावरच्या तीन रात्रीही खोट्या नव्हत्या.

रविवारी गंधालीचा फोन यायचा. साधारण सात-आठ मिनिटं. जेवलात का, गोळ्या घेता का, इकडं फार ट्रॅफिक. त्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, पुढच्या आठवड्यात मी चार दिवस घरी येऊ का? सुट्टी आहे. म्हणजे सुट्टीच समजा. माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, नवीन सुरू व्हायला पाच-सहा दिवस लागतात."

"संपतंय? तू तर पर्मनंट आहेस ना?"

"नाही हो. आमचं अकरा महिन्यांचंच असतं. मध्ये थोडा गॅप टाकतात, मग परत घेतात. चौथ्यांदा आहे हे. तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून बोलले नव्हते."

"गॅप कोण टाकतं?"

"कोण म्हणजे? सिस्टीममध्ये येतो तो आपोआप."

"आपोआप नाही येत," श्रीपतराव म्हणाले. "कोणीतरी बसून टाकत असेल."

"असेल. पण बाबा, तो बिचारा नोकरीच करत असेल ना."

फोन ठेवल्यावर त्यांनी दोन पोळ्या लाटल्या, त्यातली एक खाल्ली. दुसऱ्या दिवशी ते मिलमध्ये गेले नाहीत. रिक्षानं नागेवाडीला गेले, झुंबरबाईंचं घर विचारत विचारत शोधलं आणि अंगणातल्या बाजेवर बसून स्वतःच्या हातानं पीएफ ऑफिसला अर्ज लिहिला. खाली झुंबरबाईंचा अंगठा घेतला. बबलू टेम्पो धूत होता. त्यानं विचारलं, "यानं काही होईन का काका?"

"माहीत नाही," श्रीपतराव म्हणाले. "पण मी साक्ष देईन म्हणून लिहिलंय."

गंधाली चार दिवस राहून गेली. तिला त्यांनी पेटी दाखवली. ती पानं उलटत हसली, मांजरीचा फोटो काढला आणि परत बांधून ठेवली. ही बाडं आता संभाजीनगरच्या पीएफ ऑफिसात जाणार आणि कदाचित परत यायची नाहीत, हे सांगायचं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण ती लॅपटॉप उघडून बसली होती, कुठल्या तरी दुसऱ्या नोकरीचा अर्ज भरत. ते चहा ठेवायला आत गेले.

सुनावणी उन्हाळ्यात निघाली. सकाळच्या एसटीनं श्रीपतराव आणि झुंबरबाई निघाले. श्रीपतरावांच्या मांडीवर सुतळीनं बांधलेलं बाड, झुंबरबाईंच्या मांडीवर भाकरीचं फडकं. बदनापूर गेल्यावर झुंबरबाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही तवा माझं नाव गाळायचे, हे मला माहीत होतं."

श्रीपतरावांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"सगळ्याच बायांना माहीत होतं. आम्ही म्हणायचो, हप्ता तर देऊन राह्यलेत ना, मंग कागदावर नाव असलं काय अन् नसलं काय. म्हातारपण येतं हे तवा कुठं ध्यानात असतं?"

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही राम राम घ्यायचे ना रोज. बाकीचे साहेब तेवढं बी न्हाई घ्यायचे."

श्रीपतराव खिडकीबाहेर नांगरून पडलेल्या रानांकडं बघत राहिले.

ऑफिसात लांबलचक टेबलापलीकडं अधिकारी मॅडम बसल्या होत्या. उजव्या बाजूला मिलचा वकील आणि सर्जेराव. सर्जेरावनं पांढरा सदरा घातला होता. श्रीपतरावांना पाहून तो अर्धवट उठला. सवयीनं उठला असावा. मग त्यांच्या हातातलं बाड दिसलं तसा खाली बसला.

मॅडमनी पक्का मस्टर आणि रफ मस्टर शेजारी शेजारी ठेवले. "दोन्हींतलं अक्षर सारखं दिसतंय. कोणाचं आहे?"

"माझं," श्रीपतराव म्हणाले. "दोन्हींतलं."

"मग खरं कोणतं?"

"हे, रफ. ज्याच्या मागं गणितं आहेत ते."

वकील उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, हा लहान मुलाच्या शाळेचा कागद आहे. हा पुरावा कसा धरायचा? आणि साक्षीदार स्वतः म्हणतोय की त्यानं खोटं रेकॉर्ड लिहिलं. उद्या हेच खोटं नसेल कशावरून?"

श्रीपतरावांनी रफचं पान पुढं सरकवलं. "साहेब, पक्का मस्टर मी महिन्याच्या शेवटी एका बैठकीत लिहायचो. एका पेनानं, एका शाईनं. पान तपासा. रफ रोजच्या रोज लिहिलेलं आहे. कुठं निळी शाई, कुठं काळी, कुठं पाऊस पडून पसरलेली. तीनशे दिवसांचं खोटं कोणी रोज सकाळी सातला येऊन लिहीत नाही."

मॅडमनी पानं उजेडात धरून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग त्यांनी सर्जेरावला विचारलं, "शनिवारी हप्ता कोणत्या कागदावरून वाटायचात?"

सर्जेरावनं वकिलाकडं पाहिलं, मग श्रीपतरावांकडं. त्याला नाही म्हणता आलं असतं. तो म्हणाला, "रफवरून."

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी दोघं समोरासमोर आले. श्रीपतराव म्हणाले, "सर्जेराव..." सर्जेरावनं पेला भरला, पाणी प्याला, पेला जागेवर ठेवला. "वहिनी असत्या तर तुम्ही हे केलं असतं का?" असं विचारून उत्तराची वाट न बघता तो जिना उतरून गेला. ह्या प्रश्नावर श्रीपतरावांनी नंतर पुष्कळ विचार केला. कधी वाटे, केलं नसतं. कधी वाटे, उमानंच आधी करायला लावलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे सातला मिलच्या गेटवर गेले. वॉचमन टेबलामागून उठला, बाहेर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुमचं नाव आता लिस्टमध्ये न्हाई. आत सोडू नका म्हणले." तो बिचारा शरमून गेला होता. श्रीपतरावांनीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बिलकुल बरोबर. तुझं काम तू कर." मागं फिरले तर समोरून पहिल्या पाळीची माणसं मोटारसायकलींवरून येत होती. जुन्यांपैकी काहींनी मान हलवली, काहींनी बघितलं नाही. सर्जेरावच्या हाताखाली त्यांची पोरं कामाला होती, त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता.

निकाल लागायला सात महिने गेले. त्या महिन्यांत श्रीपतराव रोज संध्याकाळी मोतीबागेत तळ्याकाठी जाऊन बसायचे. तिथं रिटायर झालेल्या मास्तर लोकांचा कट्टा होता. त्यांचं बोलणं महागाई भत्ता, नवा वेतन आयोग, फरकाची रक्कम यावर चाले. एकानं आपुलकीनं विचारलं, "राजूरकर, तुम्हाला किती बसते?" श्रीपतरावांनी आकडा सांगितला. कोणीतरी लगेच क्रिकेटचं काढलं. दुसऱ्या दिवसापासून ते पलीकडच्या बाकावर बसू लागले.

पाच हजार बंद झाल्यानं वर्तमानपत्र बंद केलं, दूध अर्ध्या लिटरवरून पाव केलं. गंधालीला काहीच सांगितलं नाही. ती पैसे पाठवायला लागली असती आणि तिचं तिलाच पुरत नव्हतं.

निकालाचं पत्र झुंबरबाईंच्या घरी आलं. गाळलेल्या महिन्यांचा पीएफ मिलनं आणि गुत्तेदारानं व्याजासह भरावा, सेवा तेरा वर्षं आठ महिने धरावी. चौदातले उरलेले महिने पावसानं भिजलेल्या पानांत गेले होते, तेवढे सिद्ध झाले नाहीत. पण पेन्शनला ते पुरेसं होतं. पाठोपाठ आणखी अकरा जणांनी अर्ज केल्याचं श्रीपतरावांनी ऐकलं. सर्जेरावनं गुत्तेदारी सोडली आणि परतूरला निघून गेला, हेही ऐकलं. घर विकलं की नाही ते कोणी सांगितलं नाही. त्यांनी दोनदा फोन लावला. वाजत राहिला.

पेन्शनचा पहिला पैसा जमा झाला त्या दिवशी झुंबरबाई पिशवीभर मोसंब्या घेऊन आल्या आणि त्यांना बँकेत घेऊन गेल्या. पासबुक छापून आलं तसं त्यांनी बोट ठेवून विचारलं, "हे का?"

"हे. पहिल्या तारखेला, दर महिन्याला."

झुंबरबाई बँकेच्या पायरीवर बसल्या. पासबुक पदरात गुंडाळलं. "सूनबाईनं सकाळी विचारलं, आत्याबाई, जेवून जाता का," एवढंच म्हणाल्या. दोघं तिथं अर्धा तास बसले. जुन्या भट्टीच्या गोष्टी निघाल्या, कोण कोण गेलं, कोणाची पोरगी कुठं दिली. निघताना झुंबरबाईंनी विचारलं, "साहेब, पुढल्या एक तारखेला बी याल ना?"

"येईन की. माझीही त्याच दिवशी येते."

पुढल्या एक तारखेला श्रीपतराव इस्त्रीचा शर्ट घालून दहालाच बँकेत गेले. पायरीवर बसले. साडेअकरा झाले, बारा वाजले. मग त्यांनी बबलूला फोन लावला.

"काका, माय आता इकडंच काढते. गावातच अंगठ्यावर पैसे भेटतात, घरवाली घेऊन जाती तिला. जालन्याला यायचा खर्चा कशाला? काही काम होतं का?"

"नाही, काही नाही. बरी आहे ना?"

"बरी आहे. जेवून राह्यली."

"जेवू दे," श्रीपतराव म्हणाले.

ते आत गेले, स्लिप भरली, दोन हजार काढले. कॅशियरनं नोटा सरकवल्या. श्रीपतरावांनी मोजल्या नाहीत. त्याला एखादा शब्द बोलावा म्हणून ते खिडकीशी थोडे रेंगाळले, पण मागं रांग होती. बाहेर ऊन चढलं होतं. कुंडलिकेच्या पुलावरून येताना त्यांनी पावशेर दोडकी घेतली. भाजीवालीनं विचारलं, "एवढीच?"

"एवढीच," ते म्हणाले, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालायला लागले.